जुन्या पेपरातली सूत्रं उघडत नाहीत अन् झेरॉक्सवाल्याकडे चौकोन येतात, काय करू?

पत्र: "दादा, मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते, मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, संध्याकाळी घरीही थोडे पोट्टे येतात. इतक्या वर्षांचे पेपर, सरावसंच सगळं वर्डमध्ये आहे. यंदा नवीन लॅपटॉप घेतला आणि जुन्या फाइलमधल्या सूत्रावर डबल क्लिक केलं तर उघडतच नाही, नुसतं चित्रासारखं बसून राहतं. नवीन पेपर टाइप करून पेन ड्राइव्हवर सीताबर्डीला नेला तर तिथे वर्गमुळाच्या जागी चौकोन आले आणि मराठीही बिघडली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणित टाकलं तर अपूर्णांकच गायब. शाळेतले एक सर म्हणतात सूत्रं लिहायचं मॅथटाइप सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो आई सूत्रं लिहायला लेटेक शिक. एक जण म्हणे गूगल डॉक्स वापर. परीक्षा तोंडावर आहे, मी एकटी हे सगळं करून राहिली आहे, कोणाचं ऐकू?"

ताई, तुम्ही चार-पाच अडचणी एकत्र लिहिल्या म्हणून त्या डोंगरासारख्या वाटून राहिल्या आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे आणि ते आधी समजून घेतलं तर अर्धं काम तिथेच संपतं. सूत्र म्हणजे साधा मजकूर नाही. वर्डमध्ये जे सूत्र तुम्ही बनवता ते त्या प्रोग्रामला समजतं, त्याच्या फॉन्टवर उभं असतं, आणि तुम्ही ते तिथून उचलून व्हॉट्सॲपात, मेलमध्ये, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नेलं की तिकडच्या प्रोग्रामला ते कळेलच असं नाही, म्हणून कुठे ते चित्र होतं, कुठे चौकोन होतात आणि कुठे सरळ उडून जातं. म्हणून माझं सांगणं एवढंच की सूत्र एकाच जागी जिवंत ठेवायचं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरच्या वर्डच्या मूळ फाइलमध्ये, आणि बाकी जिथे जिथे जाईल तिथे त्याची पीडीएफ किंवा इमेज जाईल. दुरुस्ती करायची तर मूळ फाइलमध्येच. हे एक ठरवून टाकलं की कोणाचं ऐकू हा प्रश्नच फारसा उरत नाही.

आता जुन्या पेपरांचं. तुमची चूक काहीच नाही आणि लॅपटॉपही खराब नाही. जुन्या वर्डमध्ये सूत्रासाठी जे छोटं खिडकीसारखं साधन उघडायचं ते म्हणजे इक्वेशन एडिटर ३.०, ते मायक्रोसॉफ्टने डिझाइन सायन्स नावाच्या कंपनीकडून घेतलं होतं, मॅथटाइप बनवणारी हीच ती कंपनी. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये उघड झालं की त्या एडिटरमध्ये एक मोठं भगदाड आहे, कोणी मुद्दाम बनवलेली वर्डची फाइल मेलने पाठवली आणि तुम्ही ती उघडली की तुमच्या कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्राम चालू शकत होता, आणि हे भगदाड तब्बल १७ वर्षं तसंच पडून होतं कारण तो प्रोग्रामच २००० साली तयार झालेला होता. आधी त्याला ठिगळ लावलं, मग दुसरं भोक सापडलं, शेवटी जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो एडिटर ऑफिसमधून काढूनच टाकला. म्हणून तुमच्या जुन्या फाइलमधली सूत्रं दिसतात, प्रिंटही होतात, पण उघडत नाहीत.

नेटवर काही ठिकाणी त्या जुन्या एडिटरची फाइल उतरवून परत ऑफिसच्या फोल्डरमध्ये टाका असं सांगतात. ताई, ते अजिबात करू नका. ज्या कारणासाठी काढलं तेच कारण तुम्ही हाताने परत घरात आणाल, आणि तुमच्या लॅपटॉपवर मुलांचे मार्क आहेत, पालकांचे नंबर आहेत, बँकेचंही काही असेल.

मग जुनी सूत्रं बदलायची कशी? तीन रस्ते आहेत. तुमच्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर जुन्या सूत्रावर डबल क्लिक केल्यावर ते ऑफिस मॅथमध्ये, म्हणजे वर्डच्या नव्या सूत्रपद्धतीत, बदलायचं का असं विचारतं, आणि फाइलमधल्या सगळ्या सूत्रांना एकदम लावायची खूणही तिथेच असते. हे विचारतच नसेल तर वर्ड अपडेट करून पाहा. वर्ड जुनं असेल किंवा तरीही होत नसेल तर लिबरऑफिस टाका, ते खरोखरच फुकट आहे, कायद्याने फुकट, त्यात जुनी फाइल उघडली की बहुतेक सूत्रं त्याच्या स्वतःच्या मॅथ प्रोग्राममध्ये उघडतात, मग फाइल डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या नव्या प्रकारात, सेव्ह केली की ती वर्डमध्ये नव्या पद्धतीची सूत्रं म्हणून येतात. पानाची मांडणी थोडी हलते, टेबल सरकतात, ते नीट बसवावं लागतं. तिसरा रस्ता मॅथटाइपचा, त्यात सगळी सूत्रं एकदम बदलायची सोय आहे आणि कंपनी काही दिवस ट्रायल देते, तेवढ्यात काम उरकता येतं. तिन्हीपैकी काहीही करा पण आधी त्या फाइलची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि बदलल्यावर प्रत्येक सूत्र मूळ प्रिंटशी ताडून पाहा, कारण घातांक आणि वजाबाकीचं चिन्ह इकडेतिकडे झालं तर नजरेतून सुटतं आणि मग परीक्षेच्या हॉलमध्ये पोट्टे हात वर करतात.

पण एक सांगू का, सगळे जुने पेपर बदलत बसू नका. ज्या पेपरातलं गणित यंदा परत घ्यायचं आहे तेवढंच बदला. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवा, ती दिसायला आणि प्रिंटला पुरेशी आहे. परीक्षा तोंडावर असताना सगळ्या फाइली उलट्यापालट्या करण्यात रात्री घालवायची काही गरज नाही.

आता नवीन पेपर टाइप करायचा कसा, इथे मी जरा सविस्तर बोलतो कारण रोजचा वेळ इथेच जातो. तुमच्या वर्डमध्येच सूत्राचं साधन आहे, २००७ पासून आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको. पण बहुतेक शिक्षक इन्सर्टमध्ये जाऊन, इक्वेशनवर क्लिक करून, मग वरच्या पट्टीतून अपूर्णांकाचा साचा, मग वर्गमुळाचा साचा असं माऊसने शोधत बसतात आणि म्हणतात हे फार किचकट आहे. माऊस सोडा. ऑल्ट दाबून धरा आणि बरोबरचं चिन्ह दाबा, सूत्राची चौकट उघडते. आता वर्गसमीकरणाच्या सूत्रपद्धतीचं सूत्र घ्या, जे दहावीला घोटूनच घेता तुम्ही. एक्स टाइप करा, बरोबर, मग कंस उघडा, वजा बी, मग बॅकस्लॅश आणि पीएम ही दोन अक्षरं आणि स्पेसबार, लगेच अधिक-वजाचं चिन्ह येतं. मग बॅकस्लॅश आणि एसक्यूआरटी, कंस उघडून बी, शिफ्ट दाबून सहाचं बटन म्हणजे घातांकाचं टोक, दोन, स्पेस, वजा ४एसी, कंस बंद, बाहेरचाही कंस बंद, मग भागाकाराची तिरपी रेघ, कंसात २ए, आणि स्पेस. बस. सगळं आपोआप उभं राहतं, वर्गमुळाचं छत येतं, खाली अपूर्णांकाची रेघ येते, आणि तुम्ही टाकलेले बाहेरचे कंस स्वतःच निघून जातात. पहिल्या दिवशी हळू जाईल, पण हात बसला की माऊसने एक साचा शोधेपर्यंत तुमचं अख्खं सूत्र झालेलं असतं. बॅकस्लॅश म्हणजे एंटरच्या वरचं उलट्या तिरप्या रेघेचं बटन. बॅकस्लॅशनंतर थीटा लिहिलं की थीटा, अल्फा लिहिलं की अल्फा, त्रिकोणमितीला हेच लागतं.

इथे मराठीवाल्यांची एक खास अडचण येते जी इंग्रजी माध्यमवाल्यांना कधीच कळत नाही. तुम्ही प्रश्न मराठीत टाइप करत असता, कीबोर्ड मराठीवर असतो, आणि तसंच ऑल्ट-बरोबर दाबून सूत्रात शिरता. इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर तिरप्या रेघेच्या बटनावर य उमटतं आणि शिफ्ट-सहावर त्र, मग सूत्र बनतच नाही आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. सूत्रात जाण्याआधी विंडोजचं बटन धरून स्पेस दाबा, कीबोर्ड इंग्रजीवर येईल, सूत्र संपल्यावर परत तसंच मराठीवर. आठवडाभरात हे बोटांना पाठ होतं. आणि सूत्राच्या चौकटीच्या आत मराठी शब्द घालू नका. "त्रिकोणाचे क्षेत्रफळ बरोबर" असं काही असेल तर ते शब्द चौकटीच्या बाहेर साध्या ओळीत, आणि फक्त गणित आत. सूत्राचा फॉन्ट कॅम्ब्रिया मॅथ असतो, त्यात देवनागरी नाही, त्यामुळे आत काना-मात्रा सुटे पडतात, वेलांटी भलतीकडे जाते. अपूर्णांकाच्या वर-खाली मराठी शब्दच लागत असतील, वेग म्हणजे अंतर भागिले वेळ असं, तर सूत्राची चौकट सोडा आणि दोन ओळींचं छोटं टेबल करून मधली रेघ ठेवा, जुनी पद्धत आहे पण कुठेच बिघडत नाही.

मराठी फॉन्टचंही इथेच सांगतो कारण सीताबर्डीला मराठी बिघडली त्याच्याशी त्याचा संबंध आहे. तुम्ही कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असाल तर ती मराठी खरं म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचा साज चढवलेला. तो फॉन्ट समोरच्या कॉम्प्युटरवर नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ओळीत तुम्ही एक्स, वाय असं साधं टाइप केलेलं असलं आणि शेवटी सगळं सिलेक्ट करून फॉन्ट कृतिदेव केला की तुमचे एक्स-वायसुद्धा मराठी अक्षरं होऊन जातात, आणि पेपर तपासताना ते सहज नजरेतून सुटतं. युनिकोडमध्ये या, म्हणजे आतूनही मराठी अक्षरंच असतात, निर्मला यूआय घ्या, ते विंडोजसोबतच येतं, किंवा मंगल, कोकिला घ्या, नव्या विंडोजमध्ये ते दिसत नसतील तर वेगळे टाकून घ्यावे लागतात. आणि चलं, ती ओळीतली असली तरी, ऑल्ट-बरोबर दाबून सूत्राच्या चौकटीतच टाका, म्हणजे प्रश्नातला एक्स आणि समीकरणातला एक्स सारखाच दिसतो, मुलांना ते महत्त्वाचं असतं, विशेषतः जे आधीच गणिताला घाबरतात त्यांना.

सूत्राचं डोकं कापलं जातं, अपूर्णांकाचा वरचा आकडा अर्धाच दिसतो, ही तक्रार तुम्ही लिहिली नाही पण ती येईलच, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पेपर एका पानात बसवायला आपण लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली करून टाकतो, तिथेच घात होतो, ओळीची उंची बांधली गेली की उंच सूत्राला जागाच उरत नाही. ॲट लीस्ट किंवा सिंगल ठेवा. आणि ओळीच्या मध्ये टाकलेला अपूर्णांक वर्ड मुद्दाम बारीक करतं, तेच सूत्र स्वतंत्र ओळीवर घेतलं की मोठं होतं. दहावीच्या पेपरात जिथे अपूर्णांकात अपूर्णांक आहे ते स्वतंत्र ओळीवरच घ्या, मागच्या बाकावरच्या चष्म्यावाल्या पोट्ट्यालाही वाचता आलं पाहिजे न.

रोज लागणारी सूत्रं परत परत टाइप करू नका. सूत्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला छोटा बाण असतो, त्यात सेव्ह ॲज न्यू इक्वेशन आहे, एकदा सेव्ह केलं की इन्सर्टच्या यादीत ते कायम दिसतं. वर्गसमीकरणाचं, पायथागोरसचं, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं तर आधीच तिथे असतं. अंकगणिती श्रेढीची दोन, शंकूची, वृत्तचितीची, त्रिकोणमितीच्या नित्यसमानता अशी तुमची यादी एका रविवारी करून टाका.

फाइल सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉकएक्सच असू द्या. जुनी डॉक फाइल असेल तर वर नावाशेजारी कम्पॅटिबिलिटी मोड लिहिलेलं दिसतं आणि इक्वेशनचं बटन फिकट पडतं, पुष्कळ जणांना वाटतं बटनच नाही आपल्याकडे. फाइल मेनूत इन्फोमध्ये कन्व्हर्ट आहे, ते दाबा. उलट कोणी म्हणालं की आमच्याकडे जुनं वर्ड आहे, डॉकमध्ये पाठवा, तर मूळ फाइल तशी सेव्ह करू नका, सूत्रांची चित्रं होऊन जातील. त्यांना पीडीएफ द्या.

आता सीताबर्डी. ताई, झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल न्यायचीच नाही. त्याच्याकडे कोणतं ऑफिस आहे, कोणते फॉन्ट आहेत, त्याने फाइल कशात उघडली, यावर तुमचा ताबा नाही, आणि त्याच्या दुकानात उन्हाचं गर्दीत उभं राहून तुम्ही फॉन्ट शोधणार नाही. घरीच सेव्ह ॲज करून पीडीएफ करा, त्या खिडकीत ऑप्शन्समध्ये पीडीएफ-ए ची खूण असते ती करा, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच बसतात. मग ती पीडीएफ स्वतःच्या फोनवर पाठवा आणि फोनवर उघडून सगळे प्रश्न एकदा वरून खाली बघा. फोनवर नीट दिसली म्हणजे दुकानातही नीटच दिसणार, कारण फोनवर तुमचे फॉन्ट नसतातच. ही पाच मिनिटांची तपासणी घरी केली की सीताबर्डीची दुसरी चक्कर वाचते. छापखान्यात ऑफसेटवर सरावसंच छापून घेणार असाल आणि तिथला ऑपरेटर कोरलमध्ये किंवा जुन्या पेजमेकरमध्ये घेऊन मांडणी करणार असेल तर त्याला स्पष्ट सांगा की सूत्र परत टाइप करू नका, पीडीएफमधूनच घ्या, आणि छापायला जाण्याआधी प्रूफ स्वतः पाहा, खासकरून घातांक, कारण तिथे एक्सचा वर्ग पटकन एक्स-दोन होऊन जातो.

व्हॉट्सॲपचं सोपं आहे. पूर्ण पेपर असेल तर पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एखादंच गणित असेल तर वर्डमध्ये झूम २०० टक्के करा, विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, गणिताभोवती चौकट ओढा, आणि व्हॉट्सॲप वेबमध्ये पेस्ट करा. झूम आधी करायचं कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक घातांक धूसर होतो. मजकूर कॉपी करून सरळ पेस्ट कराल तर अपूर्णांक जाणारच, व्हॉट्सॲपला दोन मजली लिहिताच येत नाही. गूगल फॉर्मवर चाचणी घेत असाल तर तिथेही हाच फोटो प्रश्नात टाका.

पॉवरपॉइंटमध्ये मात्र चित्र करू नका, तिथे वर्डमधलं सूत्र कॉपी करून टेक्स्ट बॉक्सच्या आत कर्सर ठेवून पेस्ट केलं की ते जिवंतच राहतं, तिथेच बदलता येतं. वर्गात पायऱ्या एकेक करून दाखवायच्या असतील तर प्रत्येक पायरी वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवा, मग ॲनिमेशन लावता येतं, मुलांना पुढची पायरी आधी विचारता येते आणि मग क्लिक करता येतं. मला वाटतं गणित शिकवायला पॉवरपॉइंटचा खरा उपयोग हाच आहे, भराभर स्लाइड फिरवण्यात नाही. एक्सेलमध्येही इन्सर्ट इक्वेशन आहे पण ते फक्त दिसायला असतं, पानावर तरंगतं, हिशोब करत नाही, म्हणून मार्कलिस्टसाठी नेहमीचे फॉर्म्युलेच वापरा.

गूगल डॉक्स वाईट नाही, दोघीतिघी मिळून पेपर काढत असाल तर कामाचंच आहे, पण त्याचं सूत्राचं साधन साधं आहे. नव्या वर्डची सूत्रं तिथे बऱ्यापैकी जातात, जुन्या एडिटरची चित्रं होतात. म्हणून मजकुरावर चर्चा तिथे करा, अंतिम सूत्रं वर्डमध्ये.

शाळेतल्या सरांचं मन चांगलं आहे, पण ते जे फुकटचं मॅथटाइप म्हणून राहिले ते फुकट नसतं. आज ते बार्सिलोनाच्या वायरिस कंपनीचं आहे, २०१७ मध्ये तिने डिझाइन सायन्स घेतलं, आणि त्याचं वर्गणी भरून लायसन्स घ्यावं लागतं. क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवून चालवलेली कॉपी, टाकायला सांगणारे आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेवढ्यावरूनच ओळखा. मॅथटाइप उत्तम आहे, ज्यांना पुस्तक काढायचं, प्रकाशकाला ठरावीक साच्यात द्यायचं, शेकडो समीकरणांना क्रमांक द्यायचे, त्यांनी जरूर घ्यावं. तुमच्या नववी-दहावीच्या पेपरांना वर्ड पुरून उरतं. सरांना नीट शब्दांत नाही म्हणा, आणि त्यांना ऑल्ट-बरोबर दाखवा, त्यांनाही ते आवडेल.

मुलाचं म्हणणं मात्र मनापासून ऐका, तो चुकीचं सांगून नाही राहिला. डोनाल्ड नूथ या गणिती संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून १९७८ मध्ये टेक्स हे छपाईच्या मांडणीचं सॉफ्टवेअर बनवलं, त्यावर लेस्ली लॅम्पोर्टने लेटेक उभं केलं, आणि आजही गणिताचे शोधनिबंध जगभर त्यातच लिहिले जातात कारण त्यात सूत्र फार सुरेख दिसतं आणि वीस वर्षांनीही फाइल उघडते, कारण ती साधी मजकुराची फाइल असते. पण मराठीसाठी त्यात वेगळी मांडणी लागते, चूक झाली की ओळीओळीत शोधावी लागते, परीक्षेच्या तोंडावर ते नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलासोबत बसा, ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ या साइटवर काही इन्स्टॉल न करता शिकता येतं. तोवर मधला रस्ता असा की नव्या वर्डमध्ये सूत्राच्या पट्टीत लेटेक नावाचं बटन आहे, ते दाबलं की मुलाने लेटेकमध्ये लिहून दिलेली ओळ चौकटीत पेस्ट करून कन्व्हर्ट केली की सूत्र उभं राहतं. आईने प्रश्न काढायचे, मुलाने अवघड सूत्रं टाइप करून द्यायची, घरातल्या घरात चांगली जोडी जमते.

गणित भाग दोनच्या, म्हणजे भूमितीच्या, पेपराला आकृत्या लागतात, त्या वर्डच्या रेघांनी ओढत बसू नका, पान हललं की त्रिकोणाची एक बाजू वेगळी निघून जाते. जिओजेब्रा फुकट आहे, त्यात आकृती काढा, चित्र म्हणून कॉपी करा, वर्डमध्ये इन लाइन विथ टेक्स्ट ठेवा. बिंदूंची नावंही जिओजेब्रातच द्या.

एक गोष्ट मला कळवा, शाळेतल्या कॉम्प्युटरवर ऑफिस कोणतं आहे. २००७ असेल तर पॉवरपॉइंटमधली सूत्रं तिथे दिसतील पण बदलता येणार नाहीत, कारण पॉवरपॉइंटमध्ये सूत्राची ही सोय २०१० पासून आली, आणि तसं असेल तर स्लाइड घरून पक्की करूनच न्यावी लागेल. तोवर आज संध्याकाळी पोट्टे गेल्यावर फक्त येत्या पेपराची फाइल उघडा, तिची कॉपी करा, आणि त्यातली सूत्रं नव्या पद्धतीत आणा. बाकीच्या फाइली परीक्षेनंतर.